जुन्या घड्याळांचे बारीक धातूचे भाग घरी बनवणे : कोकणातून येणारे नेहमीचे प्रश्न

माजघरातलं चावीचं घड्याळ बंद पडलंय, गावातला घड्याळजी आता फक्त सेल बदलून देतो आणि 'याचे पार्ट मिळत नाहीत' हे उत्तर ऐकून कंटाळा आलाय, अशांसाठी हे पान आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जुन्या घरांत अमेरिकन अन्सोनिया, सेथ थॉमस, जर्मन युंगहान्स, जपानी सेकोशा अशी लंबकाची घड्याळं अजून टांगलेली दिसतात. प्रश्न बहुतेक त्यांचेच असतात. मनगटी घड्याळाचं काम निराळं, ते इथे नाही.

घरी नेमकं काय काय बनवता येतं?

यंत्राच्या पुढच्या-मागच्या प्लेटा आवळून धरणाऱ्या निमुळत्या पिना, काट्याखालची वाटीसारखी चकती, चावी देताना कट्कट् वाजणारं क्लिक आणि त्याची स्प्रिंग, झिजलेल्या भोकात बसवायचे बुश (बारीक पितळी नळ्या), लंबक टांगायची पातळ पट्टी, टोल्याच्या हातोडीची दांडी, हरवलेला काटा. चाकाचा तुटलेला एखादा दाताही. एवढं आलं म्हणजे बंद पडलेल्या दहातली बरीच घड्याळं चालती होतात.

मुख्य कमान (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी स्प्रिंग), एस्केप व्हील (लंबकाच्या तालावर दाता-दाता सुटणारं चाक) आणि अख्खं पिनियन (थोड्या दात्यांचं छोटं चाक) घरी करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. कमान तर कधीच नको. तिचं कारण पुढे आहे.

लेथ नाही. मग?

मग सुरुवात बरी होईल. लेथ असला की माणूस मोजायच्या आधी कापतो.

सोनारी करवत आणि तिची बारीक पाती, सहा-आठ निडल कानशी, छोटा शेगडा (व्हाइस), पिनव्हाइस (बारीक काम पकडायची मूठ), हाताने फिरवायचं ड्रिल, पाचकोनी ब्रोचचा (भोक घासून मोठं करायच्या निमुळत्या सळईचा) एक संच, ०.०२ मिमी दाखवणारा व्हर्नियर आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढ्यावर वर्षभर काम चालतं. शक्य झालं तर ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर घ्या. पिव्हट, म्हणजे चाकाच्या दांडीचं भोकात फिरणारं बारीक टोक, मोजताना व्हर्नियर फसवतो. गोल काम करायचं असेल तर ड्रिल शेगड्यात आडवं पकडा, चकमध्ये पितळेची सळई धरा आणि फिरत्या सळईवर कानस चालवा. जुने घड्याळजी दोन टोकांच्या मध्ये काम धरून धनुकलीने पुढे-मागे फिरवत असत आणि पुढे येताना तेवढं कापत. वीज गेली तरी त्यांचं काम थांबायचं नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा काही लहानसहान फायदा नव्हे.

सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. करवतीची पाती, फुंकणी, तार ओढायची जंतर ही सोनारी हत्यारं झवेरी बाजाराच्या आसपास. रत्नागिरीकडच्या लोकांना घाट चढून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठणं सोयीचं पडतं, कारण तिथे सळईचे तुकडेही मिळतात.

पितळ कोणतं घ्यावं? घरात जुना स्टोव्ह पडलाय, तो चालेल?

स्टोव्हच्या टाकीचा पत्रा चालतो, पण तो मऊ असतो. ऐरणीवर सपाट हातोडीने सगळीकडून सारखं ठोकून घ्या, म्हणजे कडक होईल. पितळ ठोकल्याने कडक होतं आणि मंद लाल तापवलं की पुन्हा मऊ पडतं. तापवल्यावर पाण्यात बुडवा की हवेत ठेवा, पितळेला फरक नाही. पोलादाचं गणित बरोबर याच्या उलट आहे आणि नवशिक्याचा घोळ इथेच होतो.

दुकानात 'फ्री कटिंग' म्हणून मिळणाऱ्या सळईत सुमारे ३ टक्क्यांपर्यंत शिसं असतं. तिचा कीस भुरभुर पडतो, भोक स्वच्छ येतं. बुशसाठी आणि चकत्यांसाठी तीच घ्या. पण ती वाकवू नका, तडकते. वाकणारं किंवा स्प्रिंगसारखं काम करणारं काही करायचं असेल तर ६३ टक्के तांबं आणि ३७ टक्के जस्त असलेला साधा पत्रा किंवा तार हवी. जुन्या नळाचं ओतीव पितळ शक्यतो नको. आत पोकळ्या निघतात, आणि त्या नेमक्या भोक पूर्ण झाल्यावर दिसतात.

देवघरातली समई मात्र शाबूत राहू द्या. असं विचारणारेही भेटतात, म्हणून लिहिलं.

आणि पोलाद?

पिव्हट, क्लिक, पिना यांच्यासाठी सिल्व्हर स्टील सर्वांत बरं. नावात चांदी असली तरी आत चांदी नसते. ते सुमारे १ टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेलं घासून चकचकीत केलेलं पोलाद आहे. मापाला अचूक असल्यामुळे १ किंवा १.५ मिमीची सळई थेट पिव्हट म्हणून वापरता येते.

ते मिळालं नाही तर शिलाईच्या जाड सुया आणि गोणपाट शिवायची दाभण. सुई आधीच कडक असते, म्हणून कापायची जागा तापवून मऊ करावी लागते. सायकलचा स्पोक सुमारे २ मिमीचा असतो, पिनांना ठीक. पण त्याला पाणी दिलं (लाल तापवून एकदम थंड केलं) तर तो कडक होईलच याचा भरवसा नाही. क्लिकसाठी माझी पसंती जुन्या, चांगल्या कंपनीच्या कानशीला. लाल तापवून चुलीच्या गरम राखेत रात्रभर पुरून ठेवा, सकाळी करवतीने कापता येईल इतकी मऊ होते. स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड. त्या नकोत.

पोलादाला पाणी द्यायची रीत सांगा.

अंधाऱ्या कोपऱ्यात बसा. उन्हात लाल रंग कळत नाही. भाग चेरीसारखा लाल होईपर्यंत गॅसच्या टॉर्चने तापवा. अंदाज येत नसेल तर जवळ लोहचुंबक ठेवा. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलाद चुंबकाला ओढलं जायचं थांबतं, तिथून जरासं पुढे गेलं की पुरे. मग सरळ उभं तेलात सोडा. बारीक भाग पाण्यात सोडले की वाकतात किंवा तडकतात, तेल सौम्य पडतं. खोबरेल इथे खुशाल वापरा. घड्याळाच्या कामात त्याला जागा आहे ती एवढीच.

आता भाग काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ आहे. नवी कानस त्यावरून घसरली पाहिजे. पॉलिशपेपरने पुन्हा चकचकीत करा आणि पितळेच्या किसाने भरलेल्या छोट्या वाटीत ठेवून खालून हळूहळू ऊब द्या. रंग चढत जातात. सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० च्या जवळपास जांभळा, ३०० च्या अलीकडे निळा. पिव्हट जांभळ्या-निळ्यावर थांबवा, क्लिक आणि पिना पूर्ण निळ्यावर. क्लिकला झटके खायचे असतात. त्याला कडकपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो.

पाणी देणं आणि हा रंग चढवणं एकाच बैठकीत उरका. पावसाळ्यात मधे जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तांबूस ठिपके दिसतील.

तुटलेला तुकडा सापडला नाही. मापं कशी काढायची?

घड्याळातच असतात. बहुतेक यंत्रांत चालण्याची आणि टोल्याची अशा दोन बाजू असतात आणि कित्येक भाग दोन्हीकडे सारखेच असतात. डावीकडचं क्लिक गेलं तर उजवीकडचं मोजा. ते नसेल तर झीज वाचा. भाग जिथे घासत होता तिथे पितळ चकाकतं, जिथे पोचत नव्हता तिथे काळं राहतं. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर फिरवून बघा.

त्याआधी मात्र दुसरा प्रश्न विचारा : भाग तुटला कशाने? शंभर वर्षं टिकलेलं क्लिक उगाच तुटत नाही. रिव्हेट सैल झालेला असतो, कुणीतरी चुकीच्या मापाची चावी घालून पिळलेली असते किंवा मधलं एखादं भोक झिजून चाक तिरकं चालत असतं. कारण तसंच ठेवून नवा भाग बसवला, तर तोही त्याच जागी आणि त्याच रीतीने जाणार. फोटो पाठवून 'हा भाग कसा करू' असं विचारणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचा खरा बिघाड त्या भागात नसतोच.

प्लेटेतलं भोक लांबट झालंय. बुश कसा बसवायचा?

लंबकाच्या घड्याळातला हा सगळ्यांत मोठा आजार. पोलादाच्या टोकाने पितळ झिजतं, शिवाय तेलात मिसळलेली धूळ आणि खारा ओलावा टोकालाही खरखरीत करतो. त्या खरखरीत टोकाने भोक आणखी झिजतं. म्हणून आधी पिव्हट. तो निमुळता किंवा मधे खचलेला असेल तर बारीक कानशीने सरळ करा आणि गुळगुळीत कडक पोलादाची पट्टी तेल लावून दाबून फिरवा. नुसतं घासून चमक येते, ती पुरत नाही. पृष्ठभाग दाबला गेला पाहिजे.

मग भोक. चाकाला ढकलणारं आधीचं चाक ज्या बाजूला असतं, त्याच्या विरुद्ध दिशेला भोक लांबतं. अशा भोकात तसाच ब्रोच घातला तर तो झिजलेल्या बाजूला सरकतो आणि चाकाचं केंद्र कायमचं हलतं. म्हणून न झिजलेल्या बाजूला उंदीरशेपटी कानशीने तेवढंच खाऊन घ्या, म्हणजे मूळ केंद्र दोन कडांच्या बरोबर मधोमध येईल. त्यानंतर ब्रोच प्लेटेच्या आतल्या बाजूने घाला. आतून घातल्यावर भोक आत किंचित रुंद आणि बाहेर अरुंद राहतं. बुशही आतूनच दाबायचा, म्हणजे चाकाचा खांदा त्याला बाहेर ढकलायला लागला की तो आणखी घट्ट होतो.

बुश सळईतून करायचा. पिव्हटपेक्षा जरा लहान भोक आधी पाडा, नंतर बाहेरचा व्यास घासा. उलट केलंत तर भोक मध्यावर येत नाही. दाबून बसवल्यावर आतलं भोक ब्रोचने हळूहळू मोठं करत जा आणि दर दोन फेऱ्यांनी चाक घालून बघा. दांडी एकाच प्लेटेत उभी केल्यावर सगळीकडे थोडी कलली पाहिजे. अजिबात कलत नसेल तर भोक घट्ट आहे. नव्या लोकांना घट्ट म्हणजे चांगलं वाटतं. घड्याळात तसं नसतं. शेवटी बाहेरच्या बाजूला तेल थांबायला उथळ वाटी करा आणि दोन्ही प्लेटा लावून एकच चाक फिरवून पाहा. वर-खाली जरासा खेळ हवा, आणि नुसत्या फुंकरीने ते फिरलं पाहिजे.

सेंटर पंचने भोकाच्या कडेला ठोकून ते आवळायची जुनी पद्धत कित्येक घड्याळांत दिसते. चालतं, काही महिने. ठोकलेले खड्डे मात्र कायमचे राहतात.

क्लिक घरी करणं सुरक्षित आहे का?

नीट केलं तर. चावी दिलेल्या कमानीचा सगळा जोर एका क्लिकवर आणि एका रिव्हेटवर तोललेला असतो. ते सुटलं की चावी उलटी फिरते, आणि बोट मध्ये असेल तर मोडू शकतं. म्हणून यंत्र उघडण्याआधी दोन्ही कमानी उतरवा. चावी घट्ट धरा, क्लिक बाजूला करा आणि मुठीतून थोडी थोडी सरकू द्या. या पायरीला पर्याय नाही.

क्लिकचं टोक दात्याच्या मुळापर्यंत बसलं पाहिजे. नुसत्या शेंड्यावर टेकणारं क्लिक एक दिवस घसरतं. रिव्हेटला पायरी ठेवा. पायरीची उंची क्लिकच्या जाडीपेक्षा केसभर जास्त असली, की ठोकून पक्का केल्यावरही क्लिक मोकळं फिरतं. स्प्रिंग पितळी तारेची चालते, अमेरिकन घड्याळांत मूळचीही तशीच असते. तार ठोकून चपटी करा, म्हणजे तिच्यात उसळी येते. बसवल्यावर आधी चावीचे दोनच वळसे द्या आणि तासभर थांबा.

चाकाचे दोन दाते तुटलेत. चाक फेकून द्यायचं का?

नाही. हे काम मला सर्वांत आवडतं. बहुधा मुख्य कमान तुटते, तिच्या उलट्या झटक्याने पहिल्या चाकाचे दाते उडतात. म्हणून कमानही बघा.

तुटलेल्या दात्यांच्या जागी चाकाच्या कडेत करवतीने खाच पाडा. खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवा, सुतार पारव्याच्या शेपटीसारखा सांधा करतो तशी. त्याच जाडीच्या, ठोकून कडक केलेल्या पितळेचा तुकडा तिच्यात घट्ट बसेल असा घासा आणि कथलाच्या डागाने (सोल्डरने) पक्का करा. कथील-शिशाचा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो, तेवढ्याने चाकाचा कडकपणा जात नाही. सोनाराकडे चांदीच्या डागाने करून घेतलंत, तर ६५०-७०० अंशांना सबंध चाक मऊ पडेल. त्यालाही हे आधी सांगा, कारण त्याच्या दृष्टीने चांदीचा डाग म्हणजे चांगलं काम.

दात्यांचा आकार शेजाऱ्यांवरून घ्या. चांगल्या दात्यांवर पुठ्ठा दाबून छाप काढली की अंतर कळतं. शेवटचं घासणं चाक जागेवर बसवून, पिनियनशी जुळवत करायचं.

डागासाठी नवसागर वापरू नका. कल्हईला तो उत्तम, पण राहिलेला कण न् कण ओल खेचतो आणि शेजारच्या पोलादाला गंज लावतो. राळेचा फ्लक्स घ्या आणि नंतर स्पिरिटने धुवा.

एक अख्खं चाकच गायब आहे. किती दात्यांचं होतं ते कळेल का?

लंबकावरून कळतं. लंबक ९९४ मिमी लांब असेल तर तो तासाला ३६०० ठोके देतो. लांबी चौथाई, म्हणजे सुमारे २४८ मिमी झाली, की ठोके दुप्पट होऊन ७२०० होतात. लांबी टांगण्याच्या पट्टीच्या वाकापासून लंबकाच्या वजनाच्या साधारण मध्यापर्यंत मोजा.

उदाहरण घ्या. लांब लंबकाच्या घड्याळात मधल्या चाकाला ६४ दाते आहेत आणि ते तासाला एक फेरा घेतं. ते ज्या पिनियनला फिरवतं त्याला ८ पानं (पिनियनचे दाते) आहेत, एस्केपच्या पिनियनलाही ८, एस्केप व्हीलला ३० दाते. एस्केपचा एक दाता दोन ठोके देतो, म्हणजे फेऱ्याला ६०. तासाला ३६०० ठोके हवेत तर एस्केपने ६० फेरे घ्यायला हवेत. ६४ भागिले ८ म्हणजे ८. उरलेली साडेसात पट हरवलेल्या चाकाने द्यायची, म्हणून त्याला साडेसात गुणिले ८, म्हणजे ६० दाते. हिशोब अपूर्णांकात आला तर मापात चूक आहे.

दाते कळले तरी चाक कापायला विभागणी करणारं यंत्र लागतं. इथे लेथवाल्याकडे जा, किंवा मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला त्याच बनावटीचं मेलेलं यंत्र शोधा. मिळालं तर स्वस्तात सुटाल.

लंबकाची पट्टी तुटली. दाढीच्या ब्लेडची करतात म्हणे.

करतात, आणि मग लंबक थोडासाच हलतो, घड्याळ पुढे जातं, मालक हैराण. ब्लेड ०.१ मिमी जाडीचं असतं. मूळ पट्टी ०.०५ मिमीची असेल तर ब्लेडचा ताठरपणा दुपटीने नाही, आठपटीने वाढतो. फीलर गेजचं सर्वांत पातळ पान घ्या, मूळच्या इतक्याच रुंदीचं कापा, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्यांमध्ये दाबून बारीक रिव्हेट मारा. पट्टीला कुठेही मुरड पडली तर ती टाका आणि दुसरी करा, सरळ करत बसू नका. लांबी मूळच्यासारखीच ठेवा. २४८ मिमीच्या लंबकात १ मिमीचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं.

मुख्य कमान घरी का करायची नाही?

कित्येक फूट लांब पट्टी सबंध लांबीभर एकसारखी कडक आणि एकसारखी लवचीक करणं घरच्या टॉर्चचं काम नाही. रुंदी, जाडी आणि लांबी मोजून विकत आणा. आतल्या टोकाचं तुटलेलं भोक मात्र टोक मऊ करून पुन्हा पाडता येतं.

खोबरेल तेल घातलं तर काय होतं? आजोबा तेच घालायचे.

आजोबांच्या वेळी ते दर वर्षी पुसलंही जायचं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे पौष-माघातल्या पहाटे घड्याळ थांबणार. काही महिन्यांत ते चिकट होतं, मग धूळ धरतं. गंज सोडवायचा फवाराही नको. तो उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. घड्याळाचं म्हणून मिळणारं तेलच घ्या. एक बाटली पुष्कळ वर्षं पुरते, कारण एका भोकाला सुईच्या टोकावर मावेल एवढंच लागतं. दात्यांना आणि पिनियनला तेल लावायचं नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरी दिसते.

पितळ चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख करू का?

निरांजनं करा. घड्याळाच्या प्लेटा नाहीत. आम्ल भोकांत आणि सांध्यांत शिरून बसतं, आणि ते धुतलं गेलंय की नाही हे बाहेरून दिसत नाही.

अमोनिया असलेल्या पॉलिशचं दुखणं त्याहून मोठं. ठोकून, वाकवून, दाबून ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला की आतून तडे जातात. हे हिंदुस्थानातच पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. १९व्या शतकात इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली जात आणि पाऊस संपल्यावर त्यांना तडे गेलेले असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. तेव्हा तुमच्या कामाचं टेबल गोठ्याला लागून असलेल्या पडवीत असेल तर हलवा. ठोकून कडक केलेली पितळी स्प्रिंग हा तड्यांना आवडणारा पहिला भाग.

केलेले भाग काचेच्या बरणीत सिलिका जेलसोबत ठेवा. पोलादाला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामाचा ठसा दोन दिवसांत गंजून वर येतो.

काटा निळा करायला किनाऱ्यावरची बारीक वाळू चालेल का?

नको. कितीही धुतली तरी मीठ राहण्याची भीती असते. रत्नागिरीकडची काळी वाळू दिसायला सुंदर, पण तीही नको. पितळेचा कीस वापरा, उष्णता सारखी पसरते. काट्यावर तेलाचा किंवा बोटाचा डाग असेल तिथे रंग ठिपक्यांनी येईल.

घड्याळ पुराच्या पाण्यात बुडालं होतं. काही वाचेल?

२२ जुलै २०२१ नंतर चिपळूणहून हा प्रश्न खूपदा आला. पितळ बहुधा वाचतं. चावी देऊन बघायचा मोह आवरा. चिखल आणि खारटपणा आधी भरपूर गोड्या पाण्याने जाऊ द्या, मग स्पिरिट, मग सुटं करून रॉकेलमध्ये घासणं. कमानीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ती बदला, ती त्या खड्ड्यातूनच तुटते. पेटीवरचे लाकडी कळस गेले असतील तर लाकूडकातकामाला सावंतवाडीला माणसं आहेत.

गजराच्या जुन्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकायचे. ते खरवडून नवे रंगवू?

अजिबात खरवडू नका. त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक विझली तरी रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. धूळ श्वासात जाणं सर्वांत वाईट. तबकडी आणि काटे तसेच राहू द्या, अशा घड्याळाचा काटा घासायला घेऊ नका.

नवा भाग जुना दिसावा म्हणून काळा करावा का?

मी करत नाही. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा हे कळायला हवं. तारीख आणि काय केलं ते चिठ्ठीवर लिहून पेटीत आतून चिकटवा. प्लेटेवर सुईने कोरायची जुन्या घड्याळजींची सवय वाचायला मजेशीर असते, पण आपण त्यात भर घालायची गरज नाही.

गणपतीला चाकरमानी येतील तोवर घड्याळ टोले देईल का?

हा प्रश्न श्रावणात येतो, तेव्हा उत्तर 'नाही' असंच असतं. होळीनंतर यंत्र उतरवा, उन्हाळ्यात पोलादाची सगळी कामं आणि निळे रंग संपवा. बुश आणि कानसकाम पावसात बसून करायला हरकत नाही. जोडल्यावर पंधरा दिवस यंत्र पेटीबाहेर स्टँडवर चालवा, आणि टिक् व टॉक् यांतलं अंतर सारखं येईपर्यंत भिंतीवर नेऊ नका. एवढं करून टोले चुकलेच, म्हणजे तीन वाजता पाच पडले, तर मोजणीचं चाक (कडेच्या खाचांनी टोल्यांची संख्या ठरवणारं) असलेल्या घड्याळात टोल्याची तार बोटाने उचलून पुढचे टोले वाजवत काट्यांपर्यंत आणता येतात. यंत्र उघडायचं कारण नाही.